क्लस्टर फाइल सिस्टिम गोठवताना लॉक वेळेत मिळाले नाही तर

एकाच सामायिक डिस्कवर तीन-चार सर्व्हर एकाच वेळी लिहीत असतात आणि त्या डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, घ्यायचा असतो, तेव्हा सर्व सर्व्हरवरील लेखन काही क्षण थांबवावे लागते. एकाच खतावणीत चार कारकून नोंदी करत असताना कोणी तिची छायाप्रत काढली, तर जमेची बाजू लिहिलेली आणि नावेची बाजू कोरी अशी पाने तिच्यात येणारच. तसे होऊ नये म्हणून चालू व्यवहार पूर्ण करून, मेमरीत साठलेला मजकूर डिस्कवर उतरवून नवे लेखन रोखून धरण्याची जी क्रिया असते, तिला फाइल सिस्टिम गोठवणे किंवा फ्रीझ करणे म्हणतात. एका यंत्रावर हे काम तुलनेने सरळ असते. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या समूहात, मात्र गोठवण्याचा निर्णय एक नोड, म्हणजे त्यांतला एक सर्व्हर, घेतो आणि तो पाळायचा असतो सर्वांनी. मधल्या वाटाघाटी लॉकच्या, म्हणजे एखादी गोष्ट कोणी वापरायची हे ठरवणाऱ्या कुलपाच्या, माध्यमातून होत असल्यामुळे ‘लॉक वेळेत मिळाले नाही तर काय’ हा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो.

या प्रश्नाकडे बहुतेक ठिकाणी एक आकडा निवडण्याचे काम म्हणून पाहिले जाते, म्हणजे ३० सेकंद ठेवावेत की ६०, एवढीच चर्चा होते. माझ्या मते आकडा ही दुय्यम बाब आहे. ती वेळ संपल्यावर प्रत्येक नोड कोणत्या अवस्थेत उरतो आणि तिथून पूर्ववत कामाला लागण्याची वाट आधीच बांधून ठेवली आहे का, यावर सर्व काही अवलंबून असते. ती वाट नसेल तर टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची वेळमर्यादा, असणे हे नसण्यापेक्षा अधिक धोक्याचे ठरते. हे नेमके कसे घडते ते पाहण्यासाठी लिनक्सवरील जीएफएस२ ही फाइल सिस्टिम उदाहरण म्हणून घेऊ. तिच्या पूर्वसुरीचे, म्हणजे जीएफएसचे, काम १९९० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाले. पुढे ते सिस्टिना या कंपनीकडे आणि २००३ च्या अखेरीस रेड हॅटकडे गेले. जीएफएस२ ही २००६ मध्ये २.६.१९ या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग झाली आणि तिला लागणारा डीएलएम, म्हणजे नोडनोडमध्ये वाटून चालणारा लॉक व्यवस्थापक, त्याच आवृत्तीत कर्नलमध्ये आला.

एका यंत्रावर गोठवणे

आधी क्लस्टर बाजूला ठेवून एका यंत्राचा विचार करू. एफएसफ्रीझ ही आज्ञा दिली की कर्नल टप्प्याटप्प्याने दारे बंद करतो. पहिल्या टप्प्यात फाइलवर लिहू पाहणाऱ्या नव्या प्रक्रियांना उंबरठ्यावर थांबवले जाते आणि आत शिरलेल्यांचे काम संपण्याची वाट पाहिली जाते. दुसऱ्या टप्प्यात मेमरी मॅपिंगच्या मार्गाने, म्हणजे फाइल मेमरीला जोडून घेऊन पेज फॉल्टमधून होणारे लेखन रोखले जाते. त्यानंतर साठलेला सर्व मजकूर डिस्कवर उतरवला जातो, फाइल सिस्टिमची स्वतःची अंतर्गत कामे थांबवली जातात आणि शेवटी जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, रिकामे करून ‘स्वच्छ’ अशी खूण केली जाते. वाचन या काळातही चालू राहते. लिहू पाहणारी प्रक्रिया मात्र झोपी जाते, आणि ती झोप अशी असते की मारून टाकण्याचा सिग्नल पाठवला तरी तिला जाग येत नाही. प्रक्रियांच्या यादीत ती ‘डी’ अवस्थेत दिसते.

या आज्ञेला वेळेची मर्यादा नाही, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. वितळवण्याची आज्ञा दिली जात नाही तोपर्यंत फाइल सिस्टिम गोठलेलीच राहते. २००८ मध्ये ही सोय सर्व फाइल सिस्टिमसाठी आणण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ठरावीक सेकंदांनी आपोआप वितळण्याची तरतूदही त्यात होती. परंतु २००९ मध्ये २.६.२९ या आवृत्तीत जे प्रत्यक्ष आले, त्यात ती नव्हती. इतरत्र चित्र वेगळे आहे. व्हेरिटासच्या व्हीएक्सएफएसमध्ये गोठवतानाच सेकंदांची मर्यादा द्यावी लागते आणि आयबीएमच्या एआयएक्समधील जेएफएस२ मध्येही तशीच रीत आहे. लिनक्समध्ये हा निर्णय वरच्या थरावर, म्हणजे बॅकअपची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर सोपवला गेला, आणि त्या सोपवण्याचे परिणाम आपण पुढे पाहणार आहोत.

क्लस्टरमध्ये परवानगी कोण देतो

डीएलएममध्ये प्रत्येक लॉकला काही अवस्था असतात. इथे आपल्याला त्यांपैकी दोनच लागतील. शेअर्ड अवस्थेत एक लॉक अनेक नोड एकाच वेळी धरू शकतात आणि एक्सक्लुझिव्ह अवस्थेत ते एकाच नोडकडे असते. एखाद्या नोडने एक्सक्लुझिव्ह लॉक मागितले आणि इतरांकडे ते शेअर्ड अवस्थेत असले, तर डीएलएम त्या इतरांना ‘तुमच्यामुळे कोणीतरी अडले आहे’ अशी सूचना पाठवतो. याहून अधिक तो काहीही करत नाही. लॉक हिसकावून घेण्याची सोय डीएलएममध्ये नाही. धरणाऱ्या नोडने ते आपणहून सोडायचे असते. सोडलेच नाही, तर जबरदस्तीचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे त्या नोडला फेन्स करणे, अर्थात त्याची वीज तोडून किंवा डिस्कशी असलेला त्याचा संपर्क तोडून त्याला क्लस्टरबाहेर काढणे. लॉकच्या टाइमआउटविषयीचा प्रत्येक निर्णय या एका वस्तुस्थितीने बांधलेला आहे: वाट पाहणाऱ्याला आपली वाट पाहणे थांबवता येते, पण दुसऱ्याच्या हातातले लॉक सोडवता येत नाही.

जीएफएस२ मध्ये गोठवण्यासाठी एक स्वतंत्र लॉक राखून ठेवलेले आहे. फाइल सिस्टिम माउंट होताच, म्हणजे वापरासाठी जोडली जाताच, प्रत्येक नोड ते शेअर्ड अवस्थेत घेतो आणि धरून ठेवतो. गोठवण्याची आज्ञा ज्या नोडवर दिली जाते तो प्रथम स्वतःकडची बाजू गोठवतो, मग आपले शेअर्ड लॉक सोडून तेच लॉक एक्सक्लुझिव्ह अवस्थेत मागतो. इतर नोडना अडवणुकीची सूचना मिळते. तेही आपापली बाजू गोठवतात, शेअर्ड लॉक सोडतात आणि लगेच ते पुन्हा शेअर्ड अवस्थेत मागून रांगेत उभे राहतात. सर्वांनी सोडल्यावर पहिल्या नोडला एक्सक्लुझिव्ह लॉक मिळते, आणि त्या क्षणी क्लस्टरभर लेखन थांबलेले असते. वितळवताना तो नोड आपले लॉक सोडतो. रांगेतल्यांच्या शेअर्ड मागण्या त्यामुळे मंजूर होतात, आणि ती मंजुरी हाच त्यांच्यासाठी वितळण्याचा इशारा असतो. वेगळा निरोप पाठवण्याची गरजच पडत नाही. ही रचना मला फार सुंदर वाटते, कारण ‘गोठलेले आहे’ ही माहिती कुठेही स्वतंत्रपणे लिहून न ठेवता लॉक कोणाकडे आहे यातच सामावलेली आहे.

पहिली प्रतीक्षा: लॉक मिळण्याची

टाइमआउट या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या प्रतीक्षा लपलेल्या असतात. पहिली गोठवण्याचे लॉक मिळेपर्यंतची आणि दुसरी ते मिळाल्यानंतर धरून ठेवण्याची. दोन्हींची कारणे निराळी आहेत आणि मर्यादा ओलांडल्यावरचे उपायही निराळे आहेत. म्हणून दोन्हींसाठी एकच आकडा वापरणाऱ्या स्क्रिप्ट आधी दुरुस्त कराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिली प्रतीक्षा लांबण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदी निरुपद्रवी असते: डिस्कवर उतरवायचा मजकूर फार साठलेला असतो. लिनक्समध्ये व्हीएम डर्टी रेशो या मापकाचे मूळ मूल्य २० टक्के आहे. ६४ जीबी मेमरीच्या नोडवर त्यामुळे न उतरवलेला मजकूर दहा-बारा जीबीपर्यंत वाढू शकतो. सामायिक डिस्कचा लेखनाचा वेग सेकंदाला २०० एमबी धरला, तर एका नोडचाच मजकूर उतरायला ५० ते ६० सेकंद लागतात. तीन नोड असतील तर ते सर्व त्याच डिस्कवर उतरवणार, म्हणजे डिस्क हीच मर्यादा असल्यास वेळ जवळजवळ तिप्पट होतो. अशा क्लस्टरमध्ये ३० सेकंदांची मर्यादा घातली तर गर्दीच्या वेळी ती दररोज ओलांडली जाईल आणि दोष मात्र लॉकवर जाईल. इथला उपाय टाइमआउट वाढवणे हा नाही. गोठवण्याच्या आधी प्रत्येक नोडवर सिंक ही आज्ञा एकदा, आणि लेखन फार असेल तर दोनदा चालवावी. उतरवण्याचे बहुतांश काम मग लेखन चालू असतानाच पार पडते आणि दारे बंद झाल्यावर थोडासा शेष उरतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. गोठवण्याची मागणी गेलेली असताना एखादा नोड मेला, तर त्याच्याकडचे लॉक लगेच मोकळे होत नाही. आधी क्लस्टरला तो मेल्याचे कळावे लागते. कोरोसिंक या क्लस्टरचे सदस्यत्व सांभाळणाऱ्या प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्यासाठीची मूळ मुदत ३००० मिलिसेकंद आहे आणि दोनपेक्षा जास्त नोड असल्यास प्रत्येक वाढीव नोडमागे तीत ६५० मिलिसेकंदांची भर पडते. मग त्या नोडचे फेन्सिंग यशस्वी व्हावे लागते, त्यानंतर डीएलएम आपली लॉकची नोंदवही पुन्हा मांडतो आणि कोणीतरी जिवंत नोड मेलेल्याचे जर्नल वाचून अर्धवट राहिलेले व्यवहार पूर्ण करतो. हे सर्व होईपर्यंत लॉकच्या नव्या मागण्या थांबून राहतात आणि ते थांबणे योग्यच असते. जीएफएस२ तर एक पाऊल पुढे जाऊन एक्सक्लुझिव्ह लॉक मिळाल्यावरही प्रत्येक नोडचे जर्नल स्वच्छ आहे का हे तपासते. एखादे अस्वच्छ आढळले तर ‘गोठवण्यापूर्वी रिकव्हरीची वाट पाहत आहे’ अशा अर्थाची नोंद करून ती सर्व काही वितळवते, एक सेकंद थांबते आणि पहिल्यापासून प्रयत्न करते. अस्वच्छ जर्नल तसेच ठेवून गोठवले असते, तर ते दुरुस्त करण्यासाठी गोठलेल्या डिस्कवर लिहावे लागले असते, किंवा स्नॅपशॉटमध्ये अर्धवट व्यवहार कायमचा शिरला असता. म्हणून या कारणाने होणाऱ्या उशिरात घाई करू नये. मर्यादा ठरवताना मृत्यूची जाणीव, फेन्सिंग आणि जर्नलची दुरुस्ती या तिन्हींची बेरीज तिच्यात मावते का, हे पाहावे.

तिसरे कारण प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या अखत्यारीतले आहे, तरी ते समजून घेण्यासारखे आहे. नोड ‘अ’ वरील प्रक्रियेने एका फाइलचे लॉक धरले आहे आणि पुढे जाण्यासाठी तिला गोठवण्याचे लॉक शेअर्ड अवस्थेत हवे आहे, असे समजा. नोड ‘ब’ गोठवण्याचे लॉक एक्सक्लुझिव्ह मागत आहे आणि स्वतःची बाजू रिकामी करण्यासाठी त्याला नेमके त्याच फाइलचे लॉक लागते आहे. दोघेही एकमेकांसाठी थांबले आणि कोणीच हलणार नाही. ही अडवणूक कितीही सेकंद थांबले तरी सुटत नाही, त्यामुळे टाइमआउट हा इथे उपाय नसून फक्त निदान असतो. खरा उपाय क्रम पाळण्याचा आहे: लेखनाच्या उंबरठ्यावरची परवानगी सर्वांत आधी घ्यायची, फाइलचे लॉक त्यानंतर, आणि हा क्रम कोणत्याही वाटेने मोडायचा नाही. उंबरठ्यावर थांबलेल्या प्रक्रियेच्या हातात मग इतर कोणालाही अडवणारे फाइल सिस्टिमचे लॉक नसते.

चौथे कारण म्हणजे दोन बॅकअप एकाच वेळी सुरू होणे. दोन नोडनी एकदमच एक्सक्लुझिव्ह लॉक मागितले तर एकाला ते मिळते आणि दुसरा पहिल्याचे काम संपेपर्यंत थांबतो. यात काहीही बिघडलेले नसते. वेळापत्रक नीट लावले की प्रश्न संपतो.

वेळ संपल्यावर मागे फिरण्याची वाट

लॉक मर्यादेत मिळाले नाही, असे आता समजू. विनंती करणाऱ्या नोडने स्वतःची बाजू आधीच गोठवलेली आहे. काही इतर नोडही गोठून रांगेत उभे आहेत. एखादाच अडून बसला आहे. या अर्धवट अवस्थेत काहीही न करता ‘अयशस्वी’ असा संदेश देऊन बाहेर पडणे ही सर्वांत वाईट गोष्ट, कारण त्यानंतर काही नोडवरील लेखन थांबलेले आणि ते पुन्हा सुरू करणारे कोणी नाही, अशी स्थिती उरते. योग्य क्रम असा असतो: एक्सक्लुझिव्ह लॉकची मागणी रद्द करायची, रद्द झाल्याचे उत्तर येईपर्यंत थांबायचे, शेअर्ड लॉक पुन्हा मिळवायचे आणि मगच स्वतःची बाजू वितळवायची. मागणी रद्द झाली की रांगेतल्या नोडच्या शेअर्ड मागण्या मंजूर होतात आणि तेही आपोआप वितळतात.

‘रद्द झाल्याचे उत्तर येईपर्यंत’ या शब्दांवर मी मुद्दाम जोर देतो. मागणी रद्द करण्याचा निरोप आणि लॉक मंजूर झाल्याचा निरोप नेटवर्कवर एकमेकांना ओलांडून जाऊ शकतात. आपण रद्द करायला गेलो आणि त्याच क्षणी लॉक आपल्याला मिळाले, असे घडू शकते. हे गृहीत न धरणारा प्रोग्राम स्वतःला अयशस्वी समजून निघून जातो आणि त्याच्या नावावर एक्सक्लुझिव्ह लॉक पडून राहते, म्हणजे सगळा क्लस्टर गोठलेला आणि कोणालाही त्याची खबर नाही. म्हणून रद्द करण्याचे उत्तर ‘रद्द झाले’ असे आले की ‘त्याआधीच मिळाले’ असे, हे तपासलेच पाहिजे. दुसऱ्या परिस्थितीत मिळालेले लॉक रीतसर सोडून द्यावे लागते.

मागे फिरण्याची ही वाट ठेवण्यासाठी कोड कुठे बसवायचा, हेही महत्त्वाचे आहे, आणि जीएफएस२ मध्ये २०२३ साली झालेला बदल त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याआधी इतर नोडवरील गोठवण्याचे काम लॉक सोडण्याच्या यंत्रणेच्या पोटातच होत असे: लॉक खाली उतरवताना एक ठरलेला उपक्रम चालायचा आणि त्यातच फाइल सिस्टिम गोठवली जायची. त्या उपक्रमाला अपयशी होण्याची मुभाच नव्हती. त्याच वेळी कोणी फाइल सिस्टिम अनमाउंट करत असेल, तर गोठवणे आणि अनमाउंट हे दोघेही सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाइल सिस्टिमच्या मुख्य नोंदीच्या, एकाच अंतर्गत लॉकसाठी भांडत आणि नोड अडकून पडत असे. नव्या रचनेत लॉकच्या यंत्रणेने फक्त ‘अडवणूक आहे’ एवढी दखल घ्यायची आणि प्रत्यक्ष गोठवणे बाहेर, स्वतंत्र कामाच्या रांगेत करायचे, असे ठरले. तिथे ‘जमले नाही’ असे म्हणून परत फिरता येते. बाहेरून पाहिले तर लॉकची देवाणघेवाण पूर्वीसारखीच दिसते, त्यामुळे जुन्या आणि नव्या कर्नलचे नोड एकत्र नांदू शकतात. पण अपयशाला जागा मिळाली, हा फरक फार मोठा आहे. ज्या ठिकाणी हार मानण्याची परवानगी नाही त्या ठिकाणी टाइमआउटला काहीच अर्थ नसतो.

मागे फिरल्यानंतर पुन्हा प्रयत्न करायचा तर मध्ये पुरेसा अवकाश ठेवावा, जेणेकरून खोळंबलेल्या प्रक्रियांना थोडे लिहून घेता येईल. दोन नोड बॅकअपसाठी झगडत असतील तर दोघांचा अवकाश सारखा नसावा, नाहीतर दोघे पुन्हा पुन्हा एकाच क्षणी समोरासमोर येतात. प्रयत्नांची संख्या मर्यादित ठेवावी. बॅकअप झाला नाही म्हणून एखाद्या मंद पण जिवंत नोडला फेन्स करणे मला कदापि योग्य वाटत नाही. फेन्सिंगचा निर्णय क्लस्टरच्या सदस्यत्वावरून व्हावा, रात्रीच्या प्रतीसाठी नव्हे.

बाहेरून लावलेल्या घड्याळाचा सापळा

कर्नलने मर्यादा दिलेली नाही म्हणून अनेकजण गोठवण्याची आज्ञा टाइमआउट या दुसऱ्या आज्ञेत गुंडाळतात: ३० सेकंदांत झाले नाही तर एफएसफ्रीझ मारून टाक. वाचायला हे समंजस वाटते, पण ते काम करत नाही. गोठवण्याची वाट पाहणारी प्रक्रिया कर्नलच्या आत अशा झोपेत असते की सिग्नल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सिग्नल बाजूला पडून राहतो. कर्नलचे काम मिनिटभराने पूर्ण होते, फाइल सिस्टिम यशस्वीपणे गोठते, आणि कर्नलमधून बाहेर पाऊल टाकताच ती प्रक्रिया त्या पडून राहिलेल्या सिग्नलने मरते. स्क्रिप्ट ‘गोठवणे अयशस्वी’ असे समजून वितळवण्याचा टप्पा वगळते. आता क्लस्टर गोठलेला आहे आणि ते घडवणारी प्रक्रिया अस्तित्वात नाही. गोठवणे ही अवस्था फाइल सिस्टिमला चिकटलेली असते, ती आणणाऱ्या प्रक्रियेला नव्हे, त्यामुळे प्रक्रिया मेली म्हणून काहीही वितळत नाही.

यावर उपाय म्हणजे मारण्याऐवजी वितळवणारा पहारेकरी ठेवणे. गोठवण्यापूर्वीच एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू करावी. मर्यादा उलटली की तिने गोठवण्याच्या आज्ञेला मारू नये, तर त्या आज्ञेचा निकाल लागेपर्यंत थांबून, ती यशस्वी झाली असल्यास ताबडतोब वितळवावे. स्क्रिप्ट कोणत्याही कारणाने बाहेर पडली तरी वितळवण्याचा टप्पा चालला पाहिजे, यशाच्या वाटेवरही आणि अपयशाच्या वाटेवरही. पहारेकऱ्याचा प्रोग्राम, त्याची नोंदवही आणि तात्पुरत्या फाइली गोठणाऱ्या फाइल सिस्टिमवर नसाव्यात, नाहीतर वितळवण्यापूर्वी एक ओळ नोंदवायला जाऊन तोच झोपी जाईल. क्यूईएमयू या आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीचा पाहुण्या यंत्रातला एजंट याच कारणासाठी गोठवलेल्या काळात स्वतःचे लॉगिंग बंद करतो आणि मोजक्या आज्ञाच स्वीकारतो.

दुसरी प्रतीक्षा: लॉक धरून ठेवण्याची

लॉक मिळाले, क्लस्टर गोठला, आता स्नॅपशॉट घ्यायचा. ही अवस्था किती काळ टिकू द्यायची? इतर व्यवस्थांनी दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. विंडोजच्या व्हीएसएस या स्नॅपशॉट घेणाऱ्या सेवेत ॲप्लिकेशनचे लेखन ६० सेकंदांपर्यंत गोठू शकते, पण फाइल सिस्टिमचे लेखन १० सेकंदांपेक्षा जास्त रोखता येत नाही. महासंगणकांवर वापरल्या जाणाऱ्या लस्टर या फाइल सिस्टिममध्ये २.१० या आवृत्तीपासून मेटाडेटा, म्हणजे फाइलींविषयीची माहिती, सांभाळणाऱ्या सर्व्हरवरील बदल रोखणारा एक अडसर आहे. तो घालताना मर्यादा देता येते आणि न दिल्यास ती ३० सेकंद धरली जाते. मर्यादा संपली की अडसर आपोआप निघतो आणि त्याची स्थिती ‘मुदत संपली’ अशी दिसू लागते. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे. अडसर उठला हे कळलेच नाही, तर त्यानंतर घेतलेला स्नॅपशॉट चांगला समजून वर्षानुवर्षे जपला जाईल आणि गरजेच्या दिवशी तो उघडणार नाही.

जीएफएस२ वर ही जबाबदारी आपली आहे, आणि मर्यादा ठरवताना दोन आकडे डोळ्यांसमोर असावेत. एखादी प्रक्रिया १२० सेकंद न हलता अडकली तर लिनक्स कर्नल मूळ मांडणीनुसार तशी तक्रार नोंदवतो. काही ठिकाणी अशा तक्रारीवर यंत्र पॅनिक व्हावे, म्हणजे कर्नलने सर्व काम तिथेच थांबवावे, असे ठरवलेले असते. तिथे दोन मिनिटे गोठवून ठेवणे म्हणजे निरोगी नोड स्वतःहून पाडणे होय. दुसरा आकडा पेसमेकर या क्लस्टरमधील सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या देखरेखीचा. त्याच्या फाइलसिस्टिम एजंटची तपासणी पातळी २० ठेवली असेल तर तो ठरावीक काळाने फाइल सिस्टिमवर लिहून पाहतो. गोठलेल्या अवस्थेत ते लेखन अडते, तपासणीची मुदत संपते, पेसमेकर ती सेवा थांबवायला जातो, गोठलेली फाइल सिस्टिम अनमाउंट होत नाही, आणि थांबवणे अयशस्वी झाल्यामुळे तो नोड फेन्स होतो. बॅकअपच्या काळापुरती ही तपासणी स्थगित ठेवावी किंवा गोठवण्याची मर्यादा तिच्या मुदतीपेक्षा बरीच कमी ठेवावी.

वितळवण्याच्या क्षणी एक तपासणी फुकटात मिळते. फाइल सिस्टिम गोठलेली नसताना वितळवण्याची आज्ञा दिली तर कर्नल ती अवैध म्हणून नाकारतो. त्यामुळे स्नॅपशॉट पूर्ण झाल्यानंतर आपली वितळवण्याची आज्ञा नाकारली गेली, तर कोणीतरी आधीच वितळवले होते हे निश्चित होते. पहारेकऱ्याने वितळवल्याची वेळ आणि स्नॅपशॉट संपल्याची वेळ यांचा ताळा करून जरा जरी शंका उरली, तर तो स्नॅपशॉट टाकून द्यावा.

इथे नोड मरणे आणि स्क्रिप्ट मरणे यांतला फरकही ध्यानात ठेवावा. एक्सक्लुझिव्ह लॉक धरलेला नोडच मेला, तर त्याचे फेन्सिंग झाल्यावर डीएलएम त्याची लॉक काढून टाकतो, रांगेतल्या शेअर्ड मागण्या मंजूर होतात आणि उरलेला क्लस्टर आपोआप वितळतो. गोठवताना त्याचे जर्नल स्वच्छ म्हणून नोंदवलेले असल्यामुळे दुरुस्तीलाही काही उरत नाही. फक्त स्क्रिप्ट मेली आणि नोड जिवंत राहिला तर मात्र काहीच होत नाही, सर्व जण अनिश्चित काळ थांबून राहतात. गंभीर वाटणारा अपघात आपोआप निस्तरतो आणि किरकोळ वाटणारा निस्तरत नाही. पहारेकरी हवा तो या दुसऱ्या प्रसंगासाठी.

कोण अडवत आहे ते शोधणे

पहिली प्रतीक्षा वारंवार लांबत असेल तर अंदाजाने आकडे बदलण्यापूर्वी अडवणारा नोड शोधावा. डीबगएफएस, म्हणजे कर्नलची अंतर्गत माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी फाइल सिस्टिम, माउंट केलेली असेल तर त्यात जीएफएस२ च्या नावाच्या फोल्डरखाली प्रत्येक फाइल सिस्टिमची ग्लॉक्स नावाची फाइल असते. ग्लॉक म्हणजे जीएफएस२ चे डीएलएमवर बेतलेले स्वतःचे लॉक. त्या फाइलीत प्रकार १, क्रमांक २ असलेली नोंद ही गोठवण्याच्या लॉकची. विनंती करणाऱ्या नोडवर तिच्याखाली एक्सक्लुझिव्हची मागणी आणि प्रतीक्षेची ‘डब्ल्यू’ ही खूण दिसेल. इतर नोडवर हीच नोंद पाहत जावे. जिथे ती अजून शेअर्ड अवस्थेतच धरलेली आहे, तो नोड अडवणारा.

त्या नोडवर गेल्यावर दोनपैकी एक दृश्य दिसते. लेखनाचा वेग चालू असेल आणि न उतरवलेल्या मजकुराचा आकडा घटत असेल, तर तो नोड प्रामाणिकपणे काम करत आहे आणि त्याला सवड द्यायला हवी. आकडा हलतच नसेल, तर सिस्आरक्यूच्या, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीच्या, ‘डब्ल्यू’ आज्ञेने अडकलेल्या सर्व प्रक्रियांचे स्टॅक, म्हणजे त्या कर्नलमध्ये कुठे थांबल्या आहेत ते दाखवणाऱ्या याद्या, कर्नलच्या नोंदवहीत छापून घ्यावेत. गोठवणारे काम कोणत्या लॉकवर थांबले आहे ते त्यात दिसते. त्या लॉकचा क्रमांक ग्लॉक्सच्या फाइलीत शोधला की ते धरणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक मिळतो, आणि ती दुसऱ्या नोडवर असेल तर हाच शोध तिथे पुढे न्यावा लागतो. ही माहिती वितळवण्यापूर्वीच गोळा करावी, कारण मागे फिरताच सर्व रांगा मोकळ्या होतात आणि तिच्यातले काहीही शिल्लक राहत नाही. म्हणूनच मर्यादा उलटल्यावर मागणी रद्द करण्याआधी प्रत्येक नोडवरील ग्लॉक्सची फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवण्याचे काम पहारेकऱ्याकडेच सोपवावे. मोठ्या क्लस्टरमध्ये त्या फाइली लाखो ओळींच्या असू शकतात, तेव्हा त्यांना लागणारा वेळही मर्यादेच्या हिशेबात धरावा.